नमिराने न लिहिलेली ओळ

आमच्या नमिराला राग आला की ती ओरडत नाही, भांडी घासते. एप्रिलमध्ये घरी आली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली, तेव्हाच मी ओळखलं, कॉलेजात बिनसलंय.

मी शकील पिंजारी, खांडबाऱ्याचा. सातवी शिकलो आणि जन्मभर गाद्या भरल्या. नात पुण्यात बायोइंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिथे माणसाच्या अंगाला लावायच्या वस्तू बनवतात. हे मी स्टेशनवर सगळ्यांना सांगतो, कुणी विचारलं नाही तरी.

तिने रायसिंगसाठी पाय बनवला होता. हा आमच्याच डोंगरातला माणूस, ऊसतोडीत गुडघ्याखालचा पाय गेला. पण नवा पाय शेतात सारखा निसटायचा. शेवटी त्याने तो खुंटीला टांगला. तिचे सर म्हणाले, "अहवालात लिही, रुग्णाने सहकार्य केलं नाही. मी सही करतो."

"मी हाई लिखाव नही, दादा!" तिने कढई आपटली. "त्या माणूसनी दिवसभर पाय लावी पाह्यना. कातडं सोलाई गयं त्यानं. आनि सहकार्य नही?"

"माप कवळ लिधं व तुम्ही?" मी वेळ विचारली.

"रायसिंगकाका दहा तास बसमा बसीसन पुण्याले उना, उतरना तशेच लिधं."

मला हसू आलं. मी तिला माझीच गोष्ट सांगितली. तरुणपणी मी एका नवरदेवाची गादी ताजी पिंजून भरली आणि त्याच फुगलेल्या मापाने खोळ शिवली. आठ दिवसांत कापूस बसला आणि नवरदेव खोळीत पोहायला लागला! त्याच्या सासऱ्याने बाजारात मला शिव्या दिल्या. मी काय म्हणावं, की गादीने सहकार्य केलं नाही?

नमिरा हसली नाही. कढई तशीच टाकून उभी राहिली. "लोंबकाळीसन पाय सुजेल व्हता," ती म्हणाली. "सुजेल पायनं माप लिधं आम्ही."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही रायसिंगच्या दारात. तो अजून खाटेवर होता. "पोरी, तोंड तरी धुऊ दे," तो म्हणाला. तिने उठूच दिलं नाही. फीत लावली. बसमधून उतरल्यावरच्या मापापेक्षा बोटभर कमी भरलं.

तिने तिथूनच सरांना फोन लावला, फोनचा आवाज मोठा करून, आम्हालाही ऐकू येईल असा.

"सर, मी लिहिणार आहे, माप आपण चुकवलं."

"आपण? नमिरा, बाहेरचे परीक्षक येतात. हे वाचून विभागाची काय शोभा राहील? मी सही करणार नाही. तुझे सहा महिने जातील, डिसेंबरच्या परीक्षेला बस."

"त्यांच्या पायाची कातडी गेली, सर. माझे सहा महिनेच जातायत."

पलीकडून फोन कट. सहा महिने म्हणजे ठरलेली नोकरी गेली. मला ठाऊक होतं, तिलाही. माझी छाती मात्र नव्या गादीसारखी फुगली होती, काय करणार!

रायसिंग खाली मान घालून म्हणाला, "पोरी, लिही टाक ना. मन्हं काय जास?"

"तुम्ही गप ऱ्हा, काका!" ती त्याच्यावरच खेकसली. मग नव्या पायाच्या साच्यासाठी आणलेली प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवली आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. "आनि हालू नका."