चांदसाहेबांचा कान

आमच्या घरी कॉम्प्युटर बिघडला की चांदसाहेब मुजावरांना बोलवायचं, हा वीस वर्षांचा शिरस्ता. माणूस मूळचा माधवनगरच्या कापडगिरणीतला. साचेखात्यात जॉबर होते, म्हणजे अडलेला माग पुन्हा चालता करून देणारे. दोनशे मागांच्या खडखडाटात कोणता माग चुकीचा वाजतोय, हे ते दारातून सांगत, असं गिरणीतले लोक अजून सांगतात. गिरणी बंद पडली, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या या माणसानं पोरांच्या शेजारी बसून कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला आणि माधवनगरातच दुकान टाकलं.

त्यांची पद्धत मात्र गिरणीचीच राहिली. मशीन उघडायचं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मी एकदा म्हटलं, "चांदभाई, पडद्यावर लिहून येतंय की काय बिघडलंय ते."

"वहिनी, पडदा शिकवल्यालं बोलतोय. आवाज शिकवून येत न्हाई."

यंदा उन्हाळ्यात मशीन फार तापायला लागलं. मी घरी दहावीच्या मुलांची शिकवणी घेते, प्रश्नपत्रिका त्यावरच टाइप करते. चांदभाईंनी धूळ काढली, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, पंखा परत बसवला. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर इशारा, की पंखा नीट फिरत नाही. आणि आतून असा आवाज, की स्वयंपाकघरातून आमच्या ह्यांनी विचारलं, "मिक्सर मी लावलाय की तू?"

मी मेसेज टाकला. गेली काही वर्षं ते फोन उचलत नसत. कामात असतो, मेसेज टाका, म्हणत. संध्याकाळी आले. मशीन खडखडत होतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग माझ्याकडे बघून हसले.

"गप हाय की वो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे.

"पण तो इशारा येतोय ना," मी म्हटलं.

"त्यो उगंच भ्या दावतोय." त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन इशारा बंदच करून टाकला. पडदा गप्प झाला. पंखा ओरडतच होता.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? वीस वर्षं ज्यांचा कान आम्ही प्रमाण मानला, त्यांच्यासमोर माझ्या कानावर माझाच भरवसा राहिला नाही. दहा दिवस मी तो आवाज सोसला. मुलं म्हणत, "बाई, तुमचं विमान कधी उडणार?"

शेवटी पुन्हा बोलावलं. पुन्हा स्क्रू ड्रायव्हर, पुन्हा मिटलेले डोळे, पुन्हा "गप हाय." मी चहा आणायला वळले आणि पाठमोरीच विचारलं, "साखर घालू का, चांदभाई?" उत्तर नाही. मोठ्यानं विचारलं, तरी नाही. दारातून वळून अगदी हळू विचारलं, तर लगेच म्हणाले, "बिनसाखरेचा. शुगर निघालीय."

मी दारातच थांबले. साचेखात्यात मागांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. त्या सवयीवर हा माणूस किती वर्षं काढत आला होता कोण जाणे. आणि आपल्याला कमी ऐकू येतंय, हे त्यांनाही नीट कळलं नसावं. ऐकू येणं थोडं थोडं करत जातं, एका दिवसात नाही.

मी चहा आणून ठेवला, समोर बसले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांचा हात धरून मशीनच्या पत्र्यावर ठेवला. वयानं मोठ्या माणसाचा, परक्या पुरुषाचा हात असा कधी धरला नव्हता. पत्रा थरथरत होता.

त्यांनी तळवा पत्र्यावर दाबून धरला.

"वाजतंय?"

"लय वाजतंय, चांदभाई."

"कवापासून?"

"तुम्ही पंखा बसवल्यापासून. अकरा दिवस."

"आन् मी तुमच्यासमोर दोनदा..." त्यांनी कपाळ पुसलं. मग म्हणाले, "कसं वाजतंय? वाजवून दावा."

"मी?"

"दुसरं कोन हाय?"

मी लाजत तोंडानं आवाज काढून दाखवला. खर्रर्र, टक. खर्रर्र, टक. ते माझ्या ओठांकडे असं बघत होते, जसं कुणी अवघड अक्षर वाचतं.

"टक सारख्या टायमाला येतंय का मागंपुढं?"

"सारखंच."

"वायर पात्याला घासत्या. म्हनून पंखा हळू फिरतोय. इशारा खरा होता." त्यांनी वायर बाजूला घेऊन बांधली. खोली एकदम शांत झाली. मी मान हलवली, तेव्हा कुठं त्यांना ते कळलं.

"दोष बरोबर सांगितलात की," मी म्हटलं. "काही गेलेलं नाही."

ते हसले. "म्हंजे हर गिऱ्हाइकाला सांगू व्हय, आदी तोंडानं वाजवून दावा म्हनून?" मग हसू गेलं. "वहिनी, हे इशारे मी किती जागी बंद केलेत, मला म्हाईत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत निघाले. त्यांनी आठवून आठवून पाच ठिकाणं काढली होती. प्रत्येक ठिकाणी ते इशारा पुन्हा सुरू करत, मी मशीनशी कान नेऊन ऐके आणि त्यांच्याकडे तोंड करून सांगे. चार ठिकाणी सगळं ठीक निघालं. चौथ्या घरातून निघताना ते जरा ताठ चालत होते.

शेवटचं ठिकाण नानासोंचं ड्रायव्हिंग स्कूल. पायरी चढतानाच मला आवाज आला. चांदभाईंनी सेटिंग बदलून मशीन पुन्हा सुरू केलं, तर पडद्यावर इशारा हजर.

"नानासो, हे कधीपासून वाजतंय?" मी विचारलं.

"झाला की महिना. पोरं म्हनत्यात ट्रॅक्टर शिकवा आता." नानासो खो खो हसले. "पर म्हटलं, चांदभाईचा हात लागलाय, त्येनी ऐकून गप म्हटलंय. आपल्या कानाचं काय घेऊन बसायचं?"

चांदभाई त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांच्या नजरेतून एक शब्दही सुटला नाही.

त्यांनी मशीन उघडलं नाही. पिशवीची चेन लावली, खिशातून चिठ्ठी काढून तिच्यावर सांगलीतल्या एका दुरुस्तीवाल्याचा नंबर लिहिला आणि ती नानासोंच्या पुढ्यात ठेवली.

"ह्येला दावा."

"अन् तुमी वो?"

"दुकान बंद केलं."

हे त्यांनी फार मोठ्यानं म्हटलं. बाहेर गाडीत बसलेली शिकाऊ मुलगी वळून बघायला लागली. नानासो म्हणाले, "हळू की गड्या, मी काय बहिरा हाय?" आणि पुन्हा हसले.

चांदभाई तोवर वळून पायरी उतरत होते.