पाइपातली पट्टी
गॅसचा जरा जरी कुजकट वास आला की स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांतली, ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या कारखान्यातली ती दुपार आठवते. मी तिथे प्रयोगशाळेत होते. गॅसचा पाइप आतून किती गंजतो ते कळावं म्हणून त्याच्याच लोखंडाची पातळ पट्टी आम्ही आत टांगायचो आणि काही महिन्यांनी काढून तिचं वजन करायचो. त्या दिवशी फिटरने झाकण उघडलं आणि ओरडला, "बाई, पट्टीच नाही हो!" नुसता पितळी आकडा लोंबत होता. "नवी लावा," साहेब म्हणाले. "साहेब, पाइपही त्याच लोखंडाचा आहे!" मी म्हटलं. "अहो, त्याला आत्ताच रंग दिलाय." तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला आणि कामगार त्याच पाइपाखाली डबे उघडून बसले. आता माझ्या स्वयंपाकघरात गॅसचा पिवळाधमक पाइप आलाय. चहा ठेवताना मी अजून त्याच्याकडे पाठ करत नाही.