हरल्याचे पेढे

जिंकल्यावर पेढे वाटणारी माणसं मी जन्मभर पाहिली. पोरगा दहावी सुटला, पेढे. निवडणुकीला उभा राहिला, निकालाच्या आधीच पेढे. पण हरल्यावर ठाण्याहून मुद्दाम पुडा बांधून खडवलीला येणारं माणूस मी एकच पाहिलं, ती आमची दातवाली. जिंकून आली की रिकाम्या हाताने यायची, ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायची. तेव्हा समजायचं, बाईला कप मिळाला.

याचा मला राग यायचा. आजही येतो. पण याच गोष्टीसाठी ज्या लोकांनी तिला वेडी ठरवली, त्यांचा राग त्याहून मोठा आहे, म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात काही चुकलं तर चुकलं. खोटं मात्र लिहिणार नाही, ते काम फ्लेक्सवाल्यांचं.

दातवाली म्हणजे दातांची डॉक्टरीण. कोपरला, डोंबिवली पश्चिमेला, तिचा दवाखाना. घर ठाण्याचं, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीतलं. चाळिशी उलटलेली, जाड चष्मा, कापलेले केस, आणि मनगटं बघाल तर कुस्तीगिराची. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "शेजारच्या सीटवर बसून न घाबरणारा कुणी भेटलाच नाही हो." मनगटं दाढा उपटून तशी झाली असावीत असं मला वाटायचं. ती कशाने झाली ते पुढे कळलं.

मी तिच्याकडे कवळी करायला गेलेलो. तोंडात साचा घालून मला बसवलं आणि बाईची नजर माझ्या पायांकडे. "काका, ही लाल माती कुठली?" तोंडात साचा, मी बोलणार काय! साचा काढला तर पुन्हा तेच. मला वाटलं, लादी खराब झाली म्हणून टोचून बोलते. म्हटलं, "चपला बाहेर काढल्यात. पाय पण बाहेर ठेवू काय?" ती हसायला लागली. "अहो, तसं नाही. मला अशीच माती हवीय." मग सांगितलं, खडवलीला माझी वीटभट्टी होती, आता बंद पडलीय, भोवती ट्रक फिरायचा कच्चा रस्ता आहे, त्याची ही माती. पुढच्या रविवारी बाई गाडी घेऊन दारात. कवळी अजून तयार व्हायची होती. आमचं पहिलं भांडण मी बोळक्या तोंडाने केलं.

"पेट्रोल जाळायला माझीच जागा दिसली?"

"जाळायला नाही काका, शिकायला."

"गाडी येत नाय तुम्हाला?"

"डांबरावर येते. मातीवर गाडी घसरते. घसरायला लागली की काय करायचं, ते शिकायचंय."

मग तिने मला रॅली समजावून सांगितली. जंगलातला, डोंगरातला कच्चा रस्ता. गाड्या एकदम नाही, एकामागून एक सोडतात. घड्याळ लावलेलं. शेजारी एकजण बसून पुढची वळणं मोठ्याने सांगत राहतो आणि चालवणारा त्याच्या शब्दावर गाडी टाकतो. मी विचारलं, यातून पैसा मिळतो? म्हणाली, उलट जातो. मग कशाला हे धंदे? भिंतीवर माझा पखवाज टांगलेला. तिने त्याच्याकडे बोट केलं. "हा वाजवायचा पगार मिळतो का तुम्हाला?" आमच्या घरात मला गप्प करणारी ती दुसरी. पहिली आत चहा करत होती, ती मोठ्याने हसली.

तिच्या शेजारी बसून वळणं सांगणारी ग्रेसी नावाची ठाण्याची पोरगी होती. कोळीवाड्यातली ख्रिस्ती, हुशार, पण रविवारी सकाळी चर्च चुकवायची नाही. मग दुपारपर्यंत सांगणार कोण? दातवाली म्हणाली, "काका, रस्ता तुमचा, तुम्हीच सांगा." गांधी टोपी काढून मी हेल्मेट घातलं. पहिल्या फेरीत देव आठवले. दुसऱ्या फेरीत मी तिला शिव्या घातल्या. त्यानंतर मात्र माझं तोंड सुटलं ते सुटलं. "डावं! अजून डावं! आता जांभूळ! दाबून धर, सोडू नको, सोडू नको... हां, सोड!" अहो-जाहो करायला तिथे सवड कुणाला? तेव्हापासून ती 'गो पोरी' झाली.

भट्टीच्या मागे मातीच्या खड्ड्याजवळ माझं जांभळाचं झाड आहे. तिथलं वळण लांबून अगदी गरीब दिसतं. जवळ गेलं की झाडाआड एकदम आवळतं. माझे दोन ट्रक त्या खड्ड्यात गेलेत. दातवाली पहिल्यांदा तिथे आली तेव्हा गाडी खड्ड्याच्या काठावर जाऊन थांबली. मी म्हटलं, आता रडेल. तर ही उतरून वळणाकडे अशी बघते जशी माझ्या तोंडात बघायची. "काका, असल्या वळणाला नाव नाही कुठे. मी याला जांभूळच म्हणणार." आणि पुढे कुठल्याही डोंगरात असं भोळं दिसून आवळणारं वळण आलं की ती आणि ग्रेसी जांभूळ म्हणायला लागल्या.

गावाला चघळायला विषय मिळाला. चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "काय रे म्हाताऱ्या, हेल्मेट घालून विमान कधी उडवतोस?" मी म्हटलं, "तुझा बाप उभ्या बैलगाडीतनं पडायचा, तू नको बोलूस." दुसरा म्हणाला, बाईमाणसाला हे शोभतं का. त्याच्या बायकोच्या डोक्यावर रोज दोन हंडे, त्याला ते शोभतं. या लोकांना शोभण्याचं काय कळतं ते सांगा मला!

आपल्या देशातल्या शर्यतीत दातवालीला कप मिळायचे. दवाखान्यात त्या कपांत ती काय ठेवायची? लोकांच्या दातांचे साचे! मी चिडलो. माझ्या नातवाने धावण्यात मिळवलेला कप आम्ही देवघरात ठेवलाय. ती म्हणाली, "काका, बायकांच्या गटात आम्ही चौघी. एकीची गाडी बंद पडली, एक वाट चुकली, एकीला बरं नव्हतं. मी पहिली. यात मी काय केलं?" आणि मग तिने फिनलंडचं काढलं. तिकडे नुसती जंगलं आणि कच्चे रस्ते, शाळेतून सुटलेली पोरं असली गाडी हाकतात की बस्स. "ती मला मागे टाकतील. कशी टाकतात ते मला बघायचंय."

गेली. तिकडची भाड्याची गाडी, तिकडची माती. शेवटून तिसरी आली. आणि एका दुपारी ओट्यावर पेढ्यांचा पुडा! मी म्हटलं, "अपेशाचे पेढे मी खात नाय."

"अपेश कसलं? रस्त्यावर उंचवटा आला की गाडी उडते ना, तेव्हा मी आधीच घाबरून ब्रेक दाबत होते. म्हणून गाडी नाकावर आपटत होती. इतकी वर्षं चुकत होते, इथे कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण, मी पहिली येत होते ना!"

पेढे आमच्या म्हातारीने खाल्ले. मी हात लावला नाही. मी हरलेलं कधी गोड मानलं नाही आणि या वयात मानणारही नाही, असं तिला तोंडावर सांगितलं.

दुसऱ्या खेपेला ती एकविसावी आली. ती परतायच्या आधीच टेंभी नाक्याजवळच्या एका मंडळाने तिचा सत्कार ठरवला. मंडळाचं नाव मी घेत नाही, घेतलं तर त्यांना बरंच वाटेल. हा एवढा फ्लेक्स! कोपऱ्यात हेल्मेट घातलेली दातवाली, मधोमध अध्यक्षांचा फोटो तिच्या चौपट, आणि खाली 'जागतिक विजेती, ठाण्याची रणरागिणी.' ढोल-ताशा, फुलांची जीप. टायरचा एक मोठा व्यापारी तिच्या पुढच्या खेपेचा सगळा खर्च उचलणार होता आणि तो ते त्याच स्टेजवर जाहीर करणार होता. तिच्याजवळचं सगळं या दोन खेपांत संपलेलं. त्या संध्याकाळी तिने फक्त शाल-नारळ घेऊन हसायचं होतं.

मला पहिल्या रांगेत खुर्ची दिलेली. स्टेजच्या पायरीशीच ती अध्यक्षांना म्हणाली, "दादा, ते 'विजेती' तेवढं काढा."

"ताई, फ्लेक्सवर असं लिहायचंच असतं. कोण तपासायला बसलंय?"

"मी एकविसावी आलेय."

"अहो, फॉरेनला ना? फॉरेनचा एकविसावा म्हणजे इथला पहिलाच की!"

तिने मग माईक हातात घेतला. आवाज चढवला नाही, दवाखान्यात 'आ करा' म्हणते तसंच बोलली. "मी जिंकलेले नाही. माझ्या पुढे वीसजण होते आणि त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले. तो फ्लेक्स खोटा आहे. उतरवा, मग शाल घेते." अध्यक्ष हसले, "ताई फारच विनोदी आहेत," म्हणाले आणि ढोलवाल्यांना खूण केली. ढोल सुरू. दातवाली स्टेजवरून उतरली, सरळ फ्लेक्सपाशी गेली आणि खालच्या दोऱ्या सोडायला लागली. मी उठलो. "अरे, बाई खरं बोलते तर तुमच्या पोटात का दुखतं?" दोन पोरांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. मला! ज्याच्या भट्टीच्या विटा त्या नाक्यावरच्या अर्ध्या घरांत आहेत, त्याला!

टायरवाल्याने हात झटकले. त्याला गाडीवर विजेती हवी होती, एकविसावी नको होती. दुसऱ्या दिवसापासून मोबाईलवर सुरू झालं, फ्लेक्स म्हणे हिनेच लावून घेतला आणि वर हिनेच नाटक केलं. ज्यांच्या दाढा तिने रडू न देता काढल्या, तेसुद्धा तोंड फिरवून जायला लागले. मी तिलाच झापलं. "गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं गो? फिनलंड मिळालं असतं ना?"

ती म्हणाली, "काका, एकदा विजेती म्हणवून घेतलं की मी तिकडे शिकायला कशी जाऊ? पुढच्या वेळी चाळिसावी आले तर ही माणसं मला पुन्हा पहिलीच करतील. मला नीट हरू पण देणार नाहीत."

 

मग तिने स्वतःच मार्ग काढला. तिकडच्याच एका गाड्यांच्या शाळेत वर्षभर राहायचं, त्यांच्या गाड्या धुवायच्या, खोलायच्या, जोडायच्या, आणि त्या बदल्यात त्यांची गाडी शर्यतीला मिळायची. दवाखाना एका नव्या डॉक्टरला चालवायला दिला. तिकिटासाठी आपली गाडी विकली. लगेच लोकांची जीभ सुटली, डॉक्टर असून परक्या देशात गाड्या धुणार! तुमची पोरं तिकडे जाऊन काय अत्तर शिंपडतात? एकालाही मी हे विचारायचं सोडलं नाही.

गाडी घेऊन जायला पुण्याचा माणूस माझ्या फाटकात उभा. ती म्हणाली, "थांबा हं जरा. काका, बसा." मी हेल्मेट घातलं. आम्ही शेवटची फेरी मारली. मी सगळी वळणं सांगितली, एकही चुकलो नाही. जांभूळ तिने असं घेतलं की पान हललं नाही. मग गाडी बंद केली आणि मोबाईलचा दिवा लावून म्हणाली, "आ करा. कवळी टोचते का कुठे?" मी आ केला. नाही टोचत म्हटलं. जिंकून ये म्हणावं तर तिला चालायचं नाही, हरून ये म्हणायला माझी जीभ वळेना. म्हटलं, "जा. माती कुठे जात नाय."

आणि माती जाऊ बघत होती! चार महिन्यांनी तेच अध्यक्ष माझ्या ओट्यावर. भट्टीची जागा हवी होती, बंगल्यांसाठी. म्हणाले, "बाबा, ते जांभूळ तेवढं तोडलं की रस्ता कसा सरळ होईल बघा." आमच्या म्हातारीने त्यांना चहा दिला, तो मी पिऊ दिला. मग सांगितलं, "तुम्हाला सगळंच सरळ करून लिहायची सवय आहे. माझा रस्ता वाकडाच राहणार." आता दर आठवड्याला मी त्या रस्त्यावरचं गवत काढतो. पोरं म्हणतात, कशाला? मी म्हणतो, माझा रस्ता आहे.

परवा म्हातारीने मोबाईल माझ्या पुढे धरला. फिनलंडचं जंगल, पांढऱ्या खोडांची झाडं, गाडी सुसाट. दातवालीच्या शेजारी तिकडची एक गोरी पोरगी, कागद बघून आपल्या बोलीत काय काय ओरडते. मला एक अक्षर कळेना. आणि मध्येच, स्वच्छ, "जांबुल!" गाडी आवळली, धरली, सुटली. त्या जंगलात कोसन् कोस जांभळाचं झाड नसेल.

कितवी आली ते कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून तिच्या आईने पुडा पाठवला, म्हणजे कळलं. मोठी शर्यत होती म्हणे, बरीच मागे राहिली. म्हातारी पुडा आत न्यायला लागली, मी म्हटलं, ठेव इथे.

एक खाल्ला. तिनेच बसवलेल्या दातांनी खाल्ला. तिला कुणी कळवू नका. ती आली की मला अजून तिच्याशी भांडायचंय.