वाचकांच्या नावांची वही

निजामाच्या राजवटीत मी इचोड्याकडच्या एका कचेरीत चपराशी होतो. वय सव्वीस, अंगात रग आणि हातात सरकारी काठी.

गावाच्या टोकाला ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनामंदिर होतं. त्याला लागून एका कौलारू खोलीत तिथल्या पाद्रीसाहेबांनी वाचनालय चालवलं होतं. ते मूळचे नगरकडचे. मराठी, उर्दू, फारसी, तेलुगू, सगळं वाचायचे. रविवारी उपदेश, बाकीचे दिवस पुस्तकं. शिवाय वीस वर्षं ते गोंडांच्या वस्त्यांतून फिरून त्यांच्या भाषेतले शब्द टिपत होते. एका शब्दाला एक चिठ्ठी. अशा चिठ्ठ्यांनी बारा लाकडी खोकी भरली होती.

मीही तिथून पुस्तकं नेत होतो, कचेरीत कळू न देता. पैनगंगेपलीकडच्या इंग्रजी मुलखातली, आमच्याकडं बंदी असलेली मराठी वर्तमानपत्रं तिथं वाचली जातात, असा आमच्या अंमलदाराला संशय होता.

हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही सहा जण झडतीला गेलो. पाद्रीसाहेब शेगडीपाशी बसून चिठ्ठ्या लावत होते. वर्तमानपत्रं सापडली नाहीत. तेव्हा अंमलदार म्हणाला, "यहाँ कौन कौन आता है? रजिस्टर दो."

पुस्तकं नेणाऱ्यांच्या नावांची वही मेजावरच होती. पाद्रीसाहेबांनी ती उचलली. त्यांची नजर माझ्यावर आली, क्षणभर थांबली. मग त्यांनी वही सरळ शेगडीत घातली.

जमादारानं त्यांना लाथेनं पाडलं. ते तसेच सरपटत पुढं झाले आणि वही कोणी ओढून काढू नये म्हणून निखाऱ्यांवर हात दाबून धरला. कातडी जळाल्याचा वास खोलीभर पसरला. ते ओरडले, पण हात काढला नाही.

"मार!" अंमलदार माझ्यावर खेकसला. "देखता क्या है?"

त्या वहीत माझं नाव होतं. मला ते ठाऊक होतं, त्यांनाही. मी काठी उचलली आणि त्यांच्या हातावर घातली. पहिल्या घावाला बोटं मोडली. हात शेगडीतून निघाला, तरी मी आणखी दोनदा मारलं. ते दोन घाव मला कोणी सांगितले नव्हते.

मग सगळ्यांच्याच अंगात आलं. एकानं त्यांच्या बरगड्यांत लाथा घातल्या. जमादारानं कपाटं कुऱ्हाडीनं फोडली. पुस्तकं अंगणात फेकून रॉकेल ओतलं. चिठ्ठ्यांची खोकी मी स्वतः उचलून आगीत टाकली. एकेक करत बाराही. पाद्रीसाहेब उंबऱ्याशी पडून बघत होते. तोंडातून रक्त येत होतं. तोवर त्यांनी विनवणी केली नव्हती. पहिलं खोकं गेलं तेव्हा मात्र म्हणाले, "ते नको रे. ते माझं नाही, त्या लोकांचं आहे."

त्यांना आठ दिवस कोठडीत ठेवलं. रोज मारलं. त्यांनी एकही नाव सांगितलं नाही.

ते सुटल्यावर दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडं गेलो. नोकरी सोडली होती. घरी खोटंच कारण सांगितलं होतं. रिकाम्या खोलीत ते डाव्या हातानं लिहायचा प्रयत्न करत होते. उजव्या हाताची बोटं आत वळून चिकटली होती. मी पायांवर पडलो.

"काऊन केलं मी तसं, मलाच समजून नाही राह्यलं," मी म्हणालो. "माफ करा."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "माफ करणं माझं कामच आहे. केलं. पण तू जवळ आलास की मला अजून भीती वाटते. जरा लांब बस."

मी दारापाशी जाऊन बसलो.

"अक्षर बरं आहे ना तुझं?"

"हो."

त्यांनी कागद जमिनीवरून माझ्याकडं सरकवला आणि आठवेल तसे शब्द सांगायला सुरुवात केली. पुढची दोन वर्षं मी रोज दुपारी जात होतो. गोंडांच्या वस्तीतला एक म्हातारा येऊन विसरलेले शब्द आठवून द्यायचा. तो माझ्याशी कधी बोलला नाही. चार खोकी भरली, आणि एका पावसाळ्यात छातीच्या दुखण्यानं पाद्रीसाहेब गेले. त्यांच्या बरगड्या नीट जुळल्याच नव्हत्या. शेवटपर्यंत माझी जागा दारापाशीच होती. मी आत सरकलो नाही, त्यांनीही बोलावलं नाही.