रशियाला गेलेलं गाव

"संत्या, तुमच्या खानापूरसारखं एक गाव इथं नेदरलँड्समध्ये आहे," निनाद म्हणाला, आणि त्याच्या ताटात वाढायची नान हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

निनाद पुण्याचा. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागात आयटीत आहे आणि शेजारच्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या ज्या हॉटेलात मी तंदूरवर असतो तिथं जेवायला येतो. आमचा सांगलीकडचा खानापूर तालुका म्हणजे गलाईवाल्यांचा. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं. देशातल्या कुठल्याही गावच्या सराफकट्ट्यावर जा, मागच्या बोळात आमचा कोणतरी भट्टी फुंकत बसलेला असणारच. माझे वडील, अण्णा, कोइमतूरला आहेत. दहावीला दोनदा गचकल्यावर मीही तिथं बसलो, पण एका जागी टिकेल तो मी कसला! भट्टी सोडली, हॉटेलात शिरलो, तिथनं इकडं आलो. आगीनं पिच्छा सोडला नाही एवढंच.

"हे गाव रशियाला जायचं," निनाद म्हणाला. "अख्खं. कापड विकायला. व्रीझनवेन नाव."

त्याच आठवड्यात किचनचं दुरुस्तीचं काम निघालं आणि कधी नाही तो शनिवार मोकळा मिळाला. डोक्यात दुसराही किडा वळवळत होता. गावाकडं आमचा दुमजली बंगला आहे. अण्णांनी भट्टीवर घाम गाळून बांधलेला, इटालियन फरशीचा, आणि यात्रेचे चार दिवस सोडले तर वर्षभर कुलपात. गच्ची गळायला लागलीय. अण्णा विकायचं म्हणत होते, आई नको म्हणत होती. शेवटी अण्णांनी निकाल माझ्यावर टाकला, "रविवारी फोन कर आणि एकदाच सांग." मी मनात "विका" म्हणून मोकळा झालो होतो. बंद घराचं करायचं काय?

तर शनिवारी सकाळी निनादनं आणि मी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइड स्टेशनवरनं आल्मेलोची थेट गाडी पकडली. साधारण दोन तास लागतात. शनिवार-रविवारच्या सवलतीचं कार्ड असेल तर तिकिटाचा चटका कमी बसतो, नसेल तर सुपरमार्केटात कधीकधी दिवसभराचं तिकीट स्वस्तात मिळतं, नजर ठेवा. खिडकीतनं आधी काचेचे टॉवर, मग रान, मग आयसेल नदी. ती ओलांडली की घरं बुटकी होतात, गाई वाढतात आणि डब्यात लोक एकमेकांशी बोलायला लागतात! आल्मेलोहून व्रीझनवेनला छोटी गाडीही जाते, पण आम्ही स्टेशनवरच्या भाड्याच्या सायकली घेतल्या. त्यासाठी कार्डावर आधी नोंदणी लागते. वाट सपाट, पण वारा असा की पायडल मारतोय तरी सायकल विचारतेय, जायचंय का नक्की?

"लगा, इथं चढ नाही, उतार नाही, आणि दम का लागतोय?" मी ओरडलो.

"तंदुरी कमी खा!" निनाद पुढनं.

गाव लागलं आणि संपेचना. एकच रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि प्रत्येक घरामागं पट्टीनं आखल्यासारखं लांबडं अरुंद रान. पार टोकापर्यंत. आपल्याकडं गाव म्हणजे देवळाभोवती गोळा. हे म्हणजे वाळत घातलेली दोरी! भूक लागली म्हणून बेकरीत शिरलो, तर तिथं मनुकांचा पाव, तोही हातभर लांब. या भागात बाळ झालं की बाळंतिणीला तो घेऊन जायची पद्धत आहे. आम्हाला बाळ-बिळ नव्हतं, तरी अर्धा घेतला. लोणी लावून खा, माझं ऐका.

गावातलं छोटं संग्रहालय ठरावीक दुपारीच उघडतं, जायच्या आधी वेळ बघून घ्या. दारात पांढऱ्या केसांची उंच बाई होती, योहाना. ती हौसेनं माहिती सांगायला येते. निनाद तिला सरळ "योहाना" म्हणाला. माझी जीभ रेटेना, मी "योहानाआजी" म्हणालो. अर्थ कळल्यावर ती खूश. ती डच बोलायची, निनाद मराठी करून सांगायचा, आणि अधेमधे माझं किचनमधलं इंग्रजी.

हे सगळं आधी दलदल होतं, ती म्हणाली. काळी, ओली, मुळांची माती. ती खणून वाळवली की आपल्या शेणीसारखी जळते. लोक खणत खणत पुढं सरकले आणि घरंही मागोमाग सरकली.

"म्हणजे गावच उचलून नेलं?" मी.

"हो. एका जागी बसायची सवय आम्हाला पहिल्यापासून नव्हती," योहानाआजी हसली.

जमीन अशी, त्यामुळं पोट भरेना. मग लोक जवस पेरून त्याच्या खोडाच्या धाग्याचे तागे घरोघरी विणायला लागले आणि काही जण ते घेऊन थेट सेंट पीटर्सबर्गला गेले. घोडागाडीनं, पायी, मग जहाजानं. तिथं दुकानं टाकली. हाताखाली पोरगा हवा की गावाकडनंच आणायचा. लग्नाला पोरगी शक्यतो गावाकडची. आणि गिऱ्हाईक समोर असलं की आपसात गावची बोली, म्हणजे रशियन माणसाला भाव कळायला नको!

मी उडालोच. "निनाद, तिला सांग, माझे अण्णा कोइमतुरात हेच करतात! तमिळ गिऱ्हाइकासमोर मराठीत!"

निनादनं सांगितलं. आजीनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिच्या आळीतला निघालो.

मग तिनं रशियाची खोली दाखवली. सामोवार म्हणजे मोठं पितळी चहाचं भांडं, दुकानांचे फोटो, फरच्या टोप्या. आणि एका टेबलावर चहाच्या ग्लासांच्या नक्षीदार कड्या. ग्लास गरम असतो म्हणून या धातूच्या कडीत बसवायचा. आता गलाईवाल्याच्या पोरापुढं चांदीसारखं काही ठेवलं तर हात गप्प बसतो का? मी एक उचलली, वजन बघितलं, नखानं टिचकी मारली, कानाला लावली.

"नेय, नेय!" आजी धावली. नको, नको!

माझं तोंड पडलं. कडी गपकन जागेवर ठेवली. निनाद दातओठ खात म्हणाला, "अरे, हे तुझं दुकान आहे का?"

"माफ करा आजी. सवय. पण ही चांदी नाही, वर मुलामा आहे."

निनाद हे सांगायलाच तयार नव्हता. शेवटी सांगितलं. आजी बिलकूल दचकली नाही.

"माहितेय की. माझ्या पणजोबांची आहे ती. खऱ्या चांदीच्याही होत्या. रशियात क्रांती झाली, दुकान गेलं, आणि बायकापोरं घेऊन त्यांना पळून यावं लागलं. वाटेत एकेक कडी देऊन पाव घेतला. ही कोणी घेतली नाही, म्हणून इथंवर आली."

"आणि आल्यावर?"

"पणजोबांच्या धाकट्या भावानं इथलं घर ठेवलं होतं. सगळे त्याला हसायचे, त्यांची मोठी दुकानं आहेत तिकडं, ते कशाला येतील? तो दर वसंतात त्यांची खोली पांढरी करायचा. ते आले, दार ढकललं, आत गेले. बास."

बाहेर आलो आणि सायकलचं कुलूप काढायचं सोडून त्या लांबड्या रस्त्याकडं बघत राहिलो. यातली कितीतरी घरं कोणाची तरी वाट बघत बसली असणार.

परतताना गावाबाहेर राखून ठेवलेल्या दलदलीच्या रानाकडं वळलो. फळ्यांची पायवाट आहे, बूट जुने घाला. पाणी काळं, आभाळ त्यात उलटं, पायाखाली जमीन गादीसारखी डुलते. निनादचा एक पाय घोट्यापर्यंत आत गेला. हसून हसून माझी बरगडी दुखली, आणि गाडीत त्या पायाचा वास थेट अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत सोबत होता.

रविवारी फोन लावला. अण्णांनी पलीकडनं सुरुवातच केली, "बोल. विकायचं?"

"नको."

"का? तू येणार आहेस राहायला?"

"आत्ता नाही. पण काल रशियाला जाणारं एक गाव बघितलं. वरचा मजला शाळेतल्या मास्तरांना भाड्यानं द्या, खालचा आपल्याला ठेवा."

"रशियाला जाऊन डोकं फिरलं काय रं तुझं?"

मग मी सगळं सांगितलं. दलदल, तागे, गावची बोली, टिचकी, आजीची धाव. अण्णा मधेच हसले. आई मागनं म्हणाली, "मेल्या, दुसऱ्याच्या भांड्याला हात लावतात का?" मी पुढं धाकट्या भावानं दरवर्षी पांढऱ्या केलेल्या खोलीचंही सांगितलं.

अण्णांनी शेवटी विचारलं ते आमच्या धंद्याचंच.

"मुलामाच होता ना?"

"मुलामाच."

"मग खरी चांदी कुठं गेली?"

"खाल्ली, अण्णा. घरी येताना वाटेत."

पलीकडं अण्णांनी भट्टीचा पंखा बंद केला.

"बरं. यात्रेला गेलो की गच्चीचं बघतो."