शिवण बाहेरून

रोज सकाळी आठला कौसल्याबाई नागपूरच्या बेसा भागातल्या घराच्या गच्चीवर धुणं वाळत घालत आणि प्रत्येक कपडा झटकताना त्याचं स्पॅनिश नाव मोठ्यानं घेत. "ला कामिसा. ला फाल्दा." मुलाच्या पँटला चिमटा लावला की पुढे रंगही जोडत, "एल पांतालोन नेग्रो." शेजारच्या गच्चीवरून भावना ओरडे, "काकू, कोनाले शिव्या देऊन राहिल्या सकाळी सकाळी?"

"तुह्या नवऱ्याले," त्या म्हणत आणि पुढचा कपडा उचलत.

हसू तेवढ्यापुरतंच. इनेस यायला नऊ दिवस उरले होते.

चोवीस वर्षांपूर्वी इनेस नागपूरच्या एका शिशुगृहात आली तेव्हा चार दिवसांची होती. कौसल्याबाई तिथे आया होत्या. तीस वर्षं त्यांनी तिथले लंगोट धुतले. वर्षभरात इनेस दत्तक जाऊन स्पेनला गेली. आता तिनंच शोध काढून व्हिडिओ कॉल केला होता, मधे जितेंद्र नावाचा दुभाषी घेऊन. तिचा प्रश्न एकच होता. कागदपत्रांत लिहिलं होतं की बाळाच्या अंगावर एक जुनी चिंधी होती, तीही उलटी घातलेली. हे खरं का?

कौसल्याबाईंचा चेहरा उजळला. "हो वं माय! जुनंच होतं. उलटंच होतं."

जितेंद्रनं ते जसंच्या तसं सांगितलं. पडद्यावरचा चेहरा मिटत गेला. तिनं आभार मानले आणि कॉल बंद झाला.

"काहून बंद केला तिनं?"

सून मेघानं फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आई, तिले वाटलं असन, मले चिंधीत गुंडाळून टाकलं. सुलटं-उलटंही कोनी पाह्यलं नाही."

कौसल्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. तान्ह्याला पहिले काही दिवस नवं कापड घालत नाहीत, ते टोचतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढायचं, त्याचं झबलं शिवायचं आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, टाका कातडीला लागू नये म्हणून. एवढं कुणाला समजावून सांगावं लागेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. त्या वर्षी आलेल्यांत अंगावर शिवलेलं काही असलेलं ते एकच मूल होतं. म्हणून तर झबलं लक्षात राहिलं होतं.

इनेसचं तिकीट आधीच निघालं होतं. शिशुगृहात भेट ठरली होती, अर्ध्या तासाची.

"यावेळी माह्या तोंडानं सांगीन," कौसल्याबाई म्हणाल्या.

मेघानं फोनवर धडे लावून दिले. स्पॅनिशमध्ये प्रत्येक कपडा एक तर 'तो' नाहीतर 'ती'. "मंग झबलं कोठी जाईन?" त्यांनी विचारलं. विशेषण नामामागून येतं आणि त्याच्याप्रमाणे बदलतं, इथं मेघाच सारखी अडखळायची. कौसल्याबाईंना त्यात नवल वाटलं नाही. जुना सदरा, जुनी साडी. तसंच व्हिएखो, व्हिएखा. त्यांची अडचण वेगळी होती. 'ती चिंधी नव्हती' हे म्हणायला सुरुवातीला 'नो' लागतो, आणि घाबरल्या की तो नेमका गिळला जाई. उरे ते, 'ती चिंधी होती.' आदल्या संध्याकाळी मेघानं दहा वेळा म्हणवून घेतलं. तीनदा 'नो' गेला.

शुक्रवारी अकरा वाजता इनेस दाराजवळच्या खुर्चीवर बसली, उठून जायला सोपं पडेल अशी. कौसल्याबाईंनी पिशवीतून स्वतःच्या जुन्या साडीचं शिवून आणलेलं झबलं काढलं. 

"एरा उन..." 'नो' गिळला गेला होता. त्या थांबल्या. इनेसनं मान वर केली.

जितेंद्र पुढे सरकला. "मावशी, मी सांगू का?"

"तू थांब गा."

त्यांनी श्वास घेतला. "नो. नो एरा उन त्रापो. एरा रोपा. रोपा व्हिएखा, लावादा. कोसिदा आ मानो." चिंधी नव्हती. कपडा होता, जुना, धुतलेला, हातानं शिवलेला. मग इनेसचं बोट धरून त्यांनी झबल्याच्या आत घातलं. "ला कोस्तुरा, पोर फुएरा." शिवण बाहेरून.

बोट आत फिरत राहिलं. मग इनेसनं हळूच काहीतरी विचारलं.

"आईनं शिवलं होतं का, विचारून राहिली," जितेंद्र म्हणाला, आणि आवाज उतरवून, "मावशी, हो म्हणून टाका ना."

 हो म्हणायला एकच शब्द लागत होता आणि तो कौसल्याबाईंना पहिल्या धड्यापासून येत होता.

"नो से," त्या इनेसला म्हणाल्या. मला माहीत नाही. आणि जितेंद्रकडे वळून, "तिले सांग, टाके लय बारीक होते. घाईत असे पडत नाहीत. कोनी शिवले ते मी नाही पाह्यलं."

त्यानं सांगितलं. इनेसनं झबल्याची आतली बाजू मनगटावर ठेवली आणि हळूच घासून पाहिली.

"नो त्रापो," ती शेवटी म्हणाली.

"नो."

अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता. फाटकाशी टॅक्सी उभी होती, मे महिन्याची दुपार. झबलं इनेसच्या हातातच होतं. कौसल्याबाईंचं स्पॅनिश तोवर संपलं होतं.

"डोक्याले काही बांध वं," त्या म्हणाल्या, "ऊन लागन."