काकांचं अर्धं मत

परभणीत काकांनी ज्याचा दंड धरला नाही, असा माणूस शोधून सापडला नसता. ते देवीची लस टोचणारे सरकारी नोकर. वकील, व्यापारी, पुजारी, सगळ्यांचे दंड एकाच पकडीत धरायचे आणि "हलू नका" म्हणून सगळ्यांना एकाच सुरात दरडावायचे. राज्य निजामाचं होतं, पण सुई हातात असेपर्यंत काकांचंच. ते गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. त्यामुळे टोचून झालं की सोवळ्यातली माणसं अंघोळीला धावायची, आणि टोचल्या जागी दोन दिवस पाणी लागू द्यायचं नाही हा काकांचा कडक नियम. शेजारचे पुजारी एक हात वर धरून विहिरीवर अंघोळ करताना मी पाहिले आहेत. "तेवढा हात बाटलेलाच ठिवा महाराज, परवा धुवा," असं काका रस्त्यावरून ओरडले होते.

सुईपेक्षा त्यांना मतांचा सोस जास्त. हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून मी सुटीत घरी आले, की आमच्या ओट्याला सायकल टेकवून ते मतं ऐकवायचे. मिरवणुका काढणाऱ्यांनी आधी वेळेवर उठावं. फी माफ झालेला पोरगा आळशी होतो. वस्तीतल्या मुलांसाठी वेगळं वसतिगृह निघणार होतं, त्यालाही त्यांचा विरोध. "येगळं म्हंजी पुन्हा गावाभाईरच की, ताईसाहेब! परीक्षा घ्या, पास झाला तर सगळ्यांच्यात ऱ्हाऊ द्या. मेहेरबानी लय वंगाळ." मला ते पटत नसे, पण मी नुसती मान हलवायचे. तेव्हा मी कोणाशीच फारसं बोलत नसे.

हे मत वकीलमंडळींच्या कानावर गेलं. त्यांना ते वसतिगृह आपल्या आळीत नको होतं. वाचनालयात सभा ठरली. इश्तिहारावर, म्हणजे सभेच्या छापील पत्रकावर, इतर वक्त्यांच्या नावापुढे त्यांच्या पदव्या होत्या, काकांच्या नावापुढे जात. अध्यक्ष माझे वडीलच. "ऐका, त्यांच्यातलाच माणूस काय सांगतोय ते," असं म्हणून त्यांनी काकांना उभं केलं. "येगळं वसतिगृह नको," काका म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "तुमच्याच पोरांच्या बोर्डिंगात घ्या, तुमच्याच पंगतीला..." हे त्या टाळ्यांत बुडालं आणि लगेच आभार मानले गेले.

बाहेर वस्तीतली पोरं उभी होती. "काय मामा, कितीला गेलाव?" एकानं विचारलं.

"माझं चुकलं आसंल तर कुठं चुकलं ते सांग की रे!"

"तुमचं कशाला चुकंल? बोलणं वकिलांचं, तोंड तेवढं तुमचं."

अजून माझा संताप गेलेला नाही. पोरांचा राग मी समजू शकते, त्यांच्या हातचं वसतिगृह निसटत चाललं होतं. पण आतल्यांनी त्या माणसाचं अर्धंच मत उचललं आणि बाहेरच्यांनी अख्खं मत वकिलांच्या नावावर घातलं. ते मत त्यांचं स्वतःचं असेल, अगदी चुकीचं असलं तरी त्यांचंच असेल, हे एवढ्या गर्दीत एकालाही सुचू नये?

दुसऱ्या दिवशी काका ओट्याशी आले. सायकल टेकवली नाही. "ताईसाहेब, तुमी शिकलेल्या. खरं सांगा, मी चूक बोललो का?"

वसतिगृहाशिवाय ती मुलं परीक्षेपर्यंत पोचणार कशी, हे मला विचारायचं होतं. पण आज आणखी दुखवायला नको, असं वाटलं. मी म्हटलं, "नाही काका, अगदी बरोबर बोललात."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी बी टाळ्याच वाजवल्या व्हय," ते म्हणाले आणि सायकल हातात धरून चालत गेले.

नंतरच्या सुट्यांत भेटले की रामराम करायचे, अभ्यासाचं विचारायचे. मत म्हणून त्यांनी मला पुन्हा एकही ऐकवलं नाही.